हरिकेनमध्ये घरात थांबायचं का? आधी पाणी बघा, मग वारा

ताई, तुमचा प्रश्न आधी परत सांगतो म्हणजे घोळ नको. तुम्ही खानापुरात, आई-बाबा धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला गेलेत ते नोव्हेंबरपर्यंत तिकडंच, बाळ तीन आठवड्यांचं, बाबांना इन्सुलिन चालू. जावई म्हणतात घर पक्कं आहे, मोठं हरिकेन, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, आलं तरी कुठं जायला नको, घरातच बसू. आणि बाबांचं म्हणणं, वारा सुटला की पुढची-मागची खिडकी उघडी टाकायची, वारा आरपार जातो आणि छप्पर वाचतं. तर घरात थांबणं बरोबर का, आणि थांबले तर काय काय करायचं.

बाबांच्या खिडकीपासूनच सुरू करतो, कारण ही समजूत आपल्याकडंच नव्हे तर अमेरिकेतही घरोघरी आहे आणि ती साफ चुकीची आहे. मी बेळगावच्या शहापूरचा. सिव्हिल झाल्यावर चार वर्षं उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, शेडची कामं केली, मग २००६ ते २०२१ फ्लोरिडात होतो. तिथं माझं काम एकच, वादळाआधी घरांची छपरं तपासायची आणि वादळानंतर मोडलेली छपरं बघून ती का मोडली ते लिहायचं. पण छप्पर का उडतं हे मला फ्लोरिडाच्या आधी उद्यमबागेतच कळलं होतं. एप्रिलमधला वळीव, दुपारी चारची वेळ, एका शेडचं शटर अर्धं वर होतं, वाऱ्यानं ते आत दाबलं, पट्टीतनं निसटलं, आणि मिनिटभरात मागच्या बाजूचे पत्रे जे-बोल्टसकट वर. शेजारच्या शेडचं शटर खालपर्यंत बंद होतं, तेच पत्रे, तेच बोल्ट, त्याच मिस्त्रीनं बसवलेले, त्याला काहीसुद्धा झालं नाही. वारा छपरावरनं जाताना छप्पर वर ओढतच असतोय, त्यात शटरमधनं आत घुसलेला वारा खालनं ढकलायला लागतो. वरनं ओढ आणि खालनं ढकल एकदम आली की कुठलंच छप्पर ऐकत नाही. आरपार निघून जाण्याइतका सभ्य वारा नसतोय तो, एवढं बाबांना माझ्या नावानं सांगा. खिडक्या बंद. सगळ्या.

पण हे सगळं वाऱ्याचं झालं, आणि खरं म्हणजे वारा दुसऱ्या नंबरला आहे. पहिल्या नंबरला पाणी.

आपण बेळगाव भागातले लोक पाणी ओळखतो असं आपल्याला वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा सगळ्या एकदम फुगल्या, खानापूर, गोकाक, चिकोडी सगळीकडं पाणी, ते आठवत असेलच. पण आपलं पाणी सांगून येतंय हो. धरणातनं सोडलं, मग अमुक पुलावर आलं, मग गावात, तोवर जनावरं सोडायला आणि धान्य माडीवर न्यायला थोडा वेळ मिळतोय. समुद्राचं तसं नसतं. हरिकेन समुद्राचं पाणी ढकलत ढकलत किनाऱ्यावर आणतं, त्याला तिकडं स्टॉर्म सर्ज म्हणतात, आणि ते नदीसारखं इंचाइंचानं चढत नाही. २०२२ च्या २८ सप्टेंबरला इयान नावाचं हरिकेन आलं तेव्हा फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढलं. एकमजली घराच्या पागोळीच्या वर. अमेरिकेत १९६३ ते २०१२ अशा पन्नास वर्षांत हरिकेन आणि तसल्या वादळांनी थेट जे मृत्यू झाले त्यातले दहातले जवळपास नऊ पाण्यानं झालेत, आणि निम्मे एकट्या या सर्जनं.

म्हणून जावयांना सांगा, घर पक्कं आहे का हा प्रश्न नंतरचा, आधी घर कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळाआधी रिकामा करायच्या पट्ट्यात, आहे ते काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर पत्ता टाकून बघा. ए, बी, सी, डी, ई असे झोन असतात, ए सगळ्यात आधी रिकामा करतात. हे झोन पाण्यावरनं ठरवलेत, वाऱ्यावरनं नाही, आणि विम्यासाठी जो फ्लड झोन असतो तो वेगळा, यात तिथं वीस वर्षं राहिलेली माणसंसुद्धा गोंधळ करतात. विम्याच्या कागदावर एक्स, म्हणजे पुराचा धोका कमी, असं लिहिलंय म्हणून आम्ही सुरक्षित असं सांगणारे घरमालक मी ढिगानं बघितलेत. त्यांच्या झोनला घर सोडायचा हुकूम आला तर चर्चा संपली, घर कॉंक्रीटचं असो नाहीतर राजवाड्यासारखं असो, बाळ-बाळंतिणीला घेऊन निघायचं. मोबाइल होम म्हणजे चाकावर आणून ठेवलेलं घर असेल तर झोन कुठलाही असो, निघायचंच.

आणि लांब जायला लागत नाही हे लोकांना कळत नाही. आपल्याला वाटतं वादळ म्हणजे राज्य सोडून पळायचं, मग बारा-बारा तास हायवेवर गाड्यांच्या रांगेत बाळ रडतंय, पेट्रोल संपतंय. पाण्याच्या झोनमधनं बाहेर, उंचावरच्या नीट बांधलेल्या घरात, वीस-तीस मैल आत गेलं तरी बहुतेक वेळा पुरतं. ब्रँडन, प्लांट सिटी, लेकलंड अशा आतल्या बाजूला ओळखीचं मराठी घर असेल तर आत्ताच बोलून ठेवा, वादळ दोन दिवसांवर आलं की हॉटेलं भरलेली असतात. काहीच नसेल तर काउंटी शाळांमध्ये शेल्टर उघडते. आजारी आणि औषधाला वीज लागणाऱ्यांसाठी वेगळं शेल्टर असतं, त्याला आधी नाव नोंदवायला लागतं, बाबांचं त्यात बसतंय का ते आत्ता विचारून ठेवायचं.

हरिकेनला एक ते पाच अशी कॅटेगरी देतात, त्या आकड्यानं फसायचं नाही. कॅटेगरी १ म्हणजे ताशी ११९ किलोमीटरपासून, ३ म्हणजे १७८ पासून आणि तिथनं पुढं मेजर म्हणतात, ५ म्हणजे २५२ च्या वर. पण हा आकडा फक्त वाऱ्याचा आहे, त्यात पाण्याचं काही येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमधलं हेलीन टॅम्पाला धडकलंच नाही, शंभरएक मैल लांबून समुद्रातनं वर गेलं, टॅम्पात वारा काही फार नव्हता, तरी टॅम्पा बेच्या काठच्या घरांत पाणी शिरलं आणि काहीजण घरातच बुडून गेले. मग दोनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन कॅटेगरी ३ मध्ये टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की इथं आलं, त्या वेळी सर्ज टॅम्पाला न येता दक्षिणेला गेला, पण सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांहून जास्त पाऊस पडला आणि समुद्रापासून लांबच्या वस्त्यांतही पाणी भरलं. म्हणजे मागच्या वेळी काय झालं त्यावरनं या वेळचं ठरवता येत नाही, वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, घराच्या उत्तरेला की दक्षिणेला एवढ्यावरसुद्धा सगळं फिरतं.

नकाशावर तो जो पांढरा शंकू दाखवतात, तो म्हणजे वादळ एवढंच रुंद असं नव्हे. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर तो काढतं, त्यात फक्त वादळाचं केंद्र कुठनं जाईल याचा अंदाज असतोय, आणि तीनातल्या एका वेळी केंद्र त्याच्या बाहेरनंही जातं. वारा आणि पाऊस तर शंकूच्या कितीतरी बाहेरपर्यंत. वॉच म्हणजे वादळ येऊ शकतं असा इशारा, साधारण ४८ तास हातात, वॉर्निंग म्हणजे येणार असं धरून चाला, ३६ तास. मी लोकांना एकच सांगायचो, वादळ कधी येणार ते बघू नका, ताशी ३९ मैलांचा वारा तुमच्या गल्लीत कधी पोचणार ते बघा, हरिकेन सेंटर तेही सांगतं, आणि त्याआधी सगळी कामं संपलेली पाहिजेत. त्यानंतर शिडीवर चढलेला माणूस पडतोच.

आता समजा घर पाण्याच्या झोनमध्ये नाही, आजूबाजूला ओढा-तळं नाही, हुकूम आलेला नाही. मग जावयांचं बरोबर आहे, घरात थांबणंच चांगलं. पण पक्कं म्हणजे काय ते बघायला लागेल. घर कुठल्या सालचं? १९९२ च्या २४ ऑगस्टला अँड्र्यू मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर कॅटेगरी ५ नं आलं आणि नवीकोरी कॉलनीच्या कॉलनी साफ झाली, त्यातनं शिकून फ्लोरिडानं पूर्ण राज्याला एक कडक बिल्डिंग कोड लावला, तो मार्च २००२ पासून. त्यानंतरचं घर असेल तर मला बरीच काळजी कमी. जुनं असेल तर हातात टॉर्च घेऊन माळ्यावर चढायचं आणि छपराच्या लाकडी कैच्या जिथं भिंतीवर टेकतात तिथं बघायचं, जस्त चढवलेली लोखंडी पट्टी कैचीवरनं वळवून दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी मारलीय का, की नुसते तिरके खिळे ठोकलेत. तिरके खिळे म्हणजे छप्पर स्वतःच्या वजनानंच बसलंय असं समजा. तिथली घरं आपल्यासारखी स्लॅबची नसतात हे बाबांना माहीत नसेल, भिंती ब्लॉकच्या आणि डोक्यावर लाकूड, प्लायवूड आणि डांबरी तुकडे. आपल्या खानापुरी कौलांचं एक बरं, एक उडालं तर एक उडालं.

मग गॅरेजचा दरवाजा. उद्यमबागेतलं शटर आठवा. वाऱ्याचा धक्का वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वळवात ताशी ६० किलोमीटरचा वारा आला तर एका चौरस मीटरवर सतरा-अठरा किलोचा दाब, आणि कॅटेगरी ४ ची सुरुवात म्हणजे ताशी २०९ किलोमीटर, वेग साडेतीनपट पण दाब बारापट, चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर. दोन गाड्यांच्या गॅरेजचा दरवाजा सोळा फूट बाय सात फूट, त्यावर दोन टनांहून जास्त. पातळ पत्र्याचा, मधे काही आधार नाही, कडेला छोट्या चाकांवर लटकलेला. अँड्र्यूच्या वेळी कितीतरी घरांचं आधी हे दार आत गेलं आणि मग छप्पर. दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतोय, त्यावर ते किती दाबाला पास झालंय ते लिहिलेलं असतं. स्टिकर नसेल तर आडव्या-उभ्या आधाराचं किट मिळतं, ते बसवायला अर्धा दिवस. दाराला टेकवून आतनं गाडी लावायची असाही एक उपाय लोक करतात, नसल्यापेक्षा बरा, एवढंच म्हणेन.

खिडक्यांना शटर नसतील तर प्लायवूड, निदान पाच अष्टमांश इंच जाड, आणि ते खिडकीच्या चौकटीला नाही तर भिंतीला बोल्टनं. काचेवर चिकटपट्टीची फुली मारतात ना, ती काही कामाची नाही, काच तशीच फुटते, फक्त तुकडे मोठे होतात. काच वाऱ्यानं कमी फुटते, शेजाऱ्याच्या अंगणातल्या खुर्चीनं जास्त फुटते, म्हणून अंगणातलं झाडून सगळं आत, कुंड्या, बार्बेक्यू, बाळाचे कपडे वाळत घालायचा स्टँड, आईनं तुळस ठेवली असेल तीसुद्धा.

घरातली आतली सगळी दारं बंद करायची, हे फुकटातलं आणि मला सगळ्यात आवडतं काम. तिथल्या विमा कंपन्यांनी साऊथ कॅरोलायनामध्ये आयबीएचएस नावाच्या संस्थेची एक लॅब बांधलीय, १०५ मोठे पंखे लावून अख्खं घर वाऱ्यात उभं करतात. त्यांनी दाखवलंय की आतली दारं बंद असतील तर एखादी खिडकी फुटली तरी छपरावरचा जोर ३० टक्क्यांपर्यंत कमी होतो, कारण घुसलेला वारा त्या एका खोलीतच अडकतो. बेडरूम, बाथरूम, कपाटाची खोली, सगळी दारं. निजायच्या आधी आपण लाईट बंद करत फिरतो तसं एक चक्कर मारायची.

बसायचं कुठं? घराच्या मधली, खिडकी नसलेली, छोटी खोली. तिकडं कपड्यांची चालत जाता येईल अशी कपाटखोली असते ती उत्तम. इर्मा आलं तेव्हा, १० सप्टेंबर २०१७, आम्ही ब्रँडनमध्ये होतो आणि आमचं चौघांचं कुटुंब रात्रभर अशाच एका कपाटखोलीत, डोक्यावर बायकोच्या साड्या लोंबतायत, मुलगा सायकलचं हेल्मेट घालूनच झोपलेला. हेल्मेट हसण्यावारी नेऊ नका, वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांतनं अचानक टोर्नॅडो सुटतात, मिल्टनच्या वेळी तर वादळ पोचायच्या आधीच पूर्व किनाऱ्यावर त्यानं माणसं गेली. पायात बूट, कारण अंधारात काचेवर पाय पडतोच. गादी ओढून आणून ठेवायची, डोक्यावर घ्यायला. आणि बाळ कार सीटमध्ये बांधून त्याच खोलीत, पण तास-तासभर ठेवून विसरायचं नाही, मान वाकते, एरवी आईच्या मांडीवर. एक लक्षात ठेवायचं, पाणी आत यायला लागलं तर खालची खोली सोडून वर जायचं, पण ज्या माळ्याला बाहेर पडायला वाट नाही त्यात चढायचं नाही. २००५ ला कॅटरिनात न्यू ऑर्लिन्समध्ये लोक माळ्यावर चढले, पाणी मागनं आलं, आणि छप्पर फोडायला हातात काही नव्हतं.

वारा मधेच एकदम थांबला, पाऊस थांबला, आभाळसुद्धा दिसलं तर बाहेर पडायचं नाही. तो डोळा. थोड्या वेळानं उलट्या दिशेनं परत सुरू होतं, आणि पहिल्या दिशेनं ढिली झालेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिशेनं निघते. इर्माच्या दुपारी तर मजाच झाली होती, वाऱ्यानं टॅम्पा बेचं पाणीच लांब ओढून नेलं, खाडीचा तळ उघडा पडला आणि लोक त्यात कुत्री घेऊन फिरायला उतरले. पोलीस ओरडत होते, पाणी परत येणार आहे म्हणून. आलंच ते.

वारा ताशी ४०-४५ मैलांच्या वर गेला की ॲम्ब्युलन्स आणि फायरवाले निघत नाहीत, हे बहिणीला नीट समजावून सांगा. फोन उचलतील, नोंद घेतील, पण येणार नाहीत, तासन्‌तास. म्हणून तिला टाक्यांचा त्रास, ताप, जास्त रक्तस्राव असं काही चालू असेल किंवा बाळाची कावीळ पुरती उतरली नसेल तर दोन दिवस आधीच डॉक्टरांशी बोलायचं, घरात थांबायचा हट्ट नको. आणि म्हणूनच देवापुढं समई नको, मेणबत्ती नको. बॅटरीचे दिवे. आई ऐकायची नाही बहुतेक, तिला सांगा आग लागली तर विझवायला कुणी येत नाही त्या रात्री.

पाणी माणशी रोज चार लिटर धरा, निदान तीन दिवसांचं, मी सात दिवसांचं सांगतो. बाथटब भरून ठेवतात संडासात ओतायला, पण आम्ही पहिल्या वर्षी भरून ठेवला आणि सकाळी टब कोरडा, बुचाचं रबर गेलेलं. बुचावर प्लास्टिकची पिशवी अंथरून मग भरायचा. बाळाला अंगावरचं दूध असेल तर याहून सोपं काही नाही, वरचं असेल तर पाणी घालायला न लागणारं तयार दूध घेऊन ठेवायचं, वादळानंतर नळाचं पाणी उकळून प्या असा हुकूम पुष्कळ ठिकाणी येतो आणि उकळायला तर वीज नाही. बाकी खाण्याची मला काळजी नाही, आईनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केलेले असणारच, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिवडा आणि भिजवून खायचे पोहे, चूल न पेटवता चार दिवस निघतात. फ्रीज न उघडता चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस.

बाबांचं इन्सुलिन. न उघडलेलं फ्रीजमध्ये, ते लाईट गेल्यावर बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलं की वाया गेलं. उघडलेलं बहुतेक ३० अंशांच्या खाली २८ दिवस चालतं, पण कंपनीप्रमाणे फरक असतोय, खोक्यातला कागद वाचा. एसी बंद पडल्यावर फ्लोरिडातलं घर ३० च्या वर सहज जातं. तिथं आपली जुनी युक्ती चालते, मातीचं भांडं, बाहेरनं ओलं फडकं, आत कोरड्या पिशवीत इन्सुलिन. खानापूरच्या माणसाला मडक्याबद्दल मी काय सांगणार! तिकडं बागेच्या दुकानात रंग न दिलेली मातीची कुंडी मिळते, तळाचं भोक बुजवायचं. पावसाळी दमट हवेत मडकं उन्हाळ्याइतकं गार करत नाही, पण चार-पाच अंश उतरले तरी पुष्कळ. महिन्याभराचं औषध हातात ठेवा, वादळानंतर मेडिकल दुकानं उघडायला आठवडासुद्धा जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे लोक वादळ गेलं म्हणून हुश्श करतात तेव्हा होतंय. जनरेटर. त्याचा धूर दिसत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, माणूस झोपेतच जातो. २०२० च्या लॉराच्या वेळी लुइझियानात समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त माणसं जनरेटरच्या वायूनं गेली. इर्मानंतर दुसऱ्या दिवशी आमच्या पलीकडच्या घरात एकानं पाऊस लागू नये म्हणून जनरेटर गॅरेजमध्ये लावला आणि दार फूटभर उघडं ठेवलं, त्याला वाटलं तेवढं पुरे. त्याची बायको उलट्या करत बाहेर आली म्हणून कळलं, दोघं वाचले. घरापासून निदान वीस फूट लांब, धुराडं घराकडं नाही, आणि घरात बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. जनरेटरची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालवायचा जुगाड करायचा नाही, करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावरचा लाईनमन मरतो.

आणि इथंच मला तुमच्या आईशी बोलायचंय. आपल्याकडं बाळ-बाळंतिणीला शेक देतात, शेगडी खाटेखाली, ओवा-बाळंतशेपाची धुरी. वीज असताना, खिडकी उघडी असताना ती काय करते ते तिचं तिला. पण वादळात दारं-खिडक्या बंद, वर प्लायवूड, अशा घरात निखारे नकोत, कोळशाची बार्बेक्यू शेगडी आत आणायची नाही, कॅम्पिंगचा गॅससुद्धा बाहेरच. तीन आठवड्यांच्या बाळाला हा वायू आपल्या आधी लागतो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच की.

उन्हाचंही तसंच. इर्मानंतर एका वृद्धाश्रमात एसी बंद पडून १२ जण गेले, वाऱ्यानं नव्हे, पाण्यानं नव्हे, उकाड्यानं. बाबांना तहान लागली नाही तरी पाणी द्यायचं, ओला टॉवेल मानेवर, आणि आसपास जिथं वीज आली असेल तिथं दिवसाचे चार तास नेऊन बसवायचं. साचलेल्या पाण्यात चालायचं नाही, आत तुटलेली तार असू शकते. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी माणूस पाडतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगतात. आणि बाबांना छपरावर चढू देऊ नका. खानापूरचा माणूस, पावसाळ्याआधी कौलं परतायला दरवर्षी वर जात असेल, हात शिवशिवणारच. ओल्या डांबरी तुकड्यांवर पाय ठरत नाही, वादळानंतर मी तपासलेल्या घरांत शिडीवरनं पडलेले मालक दर दोन-चार घरांत एक भेटायचे.

तुमच्याकडनं काय करायचं तर फोन कमी करायचे. तिकडं रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा, आपण उठतो, टीव्हीवर लाल अक्षरं बघतो आणि मामा, काका, आत्या, बेळगावची, निपाणीची, कोल्हापूरची, सगळे एकदम व्हिडिओ कॉल लावतात. तिकडं चार्जर नाही, टॉवर अर्धे पडलेले. घरातनं एकच माणूस ठरवा, ताई तुम्हीच व्हा, वेळ ठरवा, दिवसातनं दोनदा एक ओळीचा मेसेज, 'ठीक आहोत' एवढाच, आणि तो तुम्ही सगळ्यांना पोचवायचा. मेसेज आला नाही तर लगेच घाबरायचं नाही, मला इर्मानंतर बेळगावला आईशी बोलायला तीन दिवस लागले. पासपोर्ट, व्हिसा, विम्याचे कागद आणि बाळाचे हॉस्पिटलचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो आत्ताच तुमच्या फोनवर मागवून ठेवा.

आता जावयांकडनं मला तीन गोष्टी पाहिजेत. घर कुठल्या सालचं, झोन कुठला, आणि गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूचा फोटो, स्टिकर दिसेल असा. जमलं तर माळ्यावरच्या त्या जस्ताच्या पट्टीचा पण एक. फोटो आले की थांबायचं की निघायचं ते मी स्पष्ट सांगतो, आणि झोन ए किंवा बी निघाला तर फोटोची वाट बघायची नाही, ब्रँडनला माझे दोन मित्र अजून आहेत, आत्ताच विचारून ठेवतो.